वार जुळणारं वर्ष

शनिवारची जेवणं आटोपत आली होती. चार वाजताच्या मुलाखतीत आपण खालच्या कारखान्यातलाच प्रोग्रॅम दाखवणार आहोत, असं धाकट्या सुनेने सांगितलं आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं एकदम आपापल्या रिकाम्या ताटात बघायला लागली.

तिला वाटलं, कुणाला ऐकू गेलं नसेल. म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "स्वतः लिहिलेलं आणि अजून वापरात असलेलं एखादं काम दाखवा, असं त्यांनी कळवलंय. ऑफिसातलं माझं सगळं काम तिथेच राहिलं. मग आपला कवळ्यांचा प्रोग्रॅमच दाखवते. तेरा वर्षं झाली, एक दिवस बंद पडला नाही. फॉर्मवरही तसं लिहून दिलंय."

"लिहून दिलंस?" नवऱ्याने विचारलं.

"हो. का?"

"नाही, सहज."

हा माणूस 'सहज' म्हणाला की काहीतरी शिजतंय, हे धाकटीला पंधरा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. पण काय शिजतंय ते कळेना. गेली तीन वर्षं हाच तिच्या मागे लागला होता की पुन्हा नोकरी धर. अर्ज यानेच टाइप केले होते, नकार आले की समजूतही यानेच घातली होती. आणि आता तो मिठाची बाटली उगाच इकडची तिकडे करत म्हणत होता, "दुसरं काही दाखवता येणार नाही का? छोटंसं? नवीन?"

"नवीन मी काय लिहिलंय? बारा वर्षं घरात बसलेय मी."

"घरात बसलीस म्हणू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर तरी म्हणू नकोस."

ते खरंच होतं. लेक सातव्या महिन्यात जन्मली आणि दीड महिना दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिली, तेव्हा धाकटीने दोन वर्षांची सुट्टी घेतली होती. लेक धडधाकट झाली तोवर सासरे अंथरुणाला खिळले. सासरे गेले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ज्यात पटाईत होतो त्या भाषेत आता कुणी प्रोग्रॅम लिहीतच नाही, आणि जाहिरातींमधले निम्मे शब्द आपल्या डोक्यावरून जातात. त्यातून ती कशीबशी सावरली. आठ महिने रोज सकाळी लेकीच्या टेबलावर बसून ती शिकत होती. आता मोठी गॅप पडलेल्यांना सहा महिने शिकवून कामावर घेणारी एक कंपनी सापडली होती, आणि पहिल्या दोन फेऱ्या पारही पडल्या होत्या. आज तिसरी, शेवटची. अशी दुसरी कंपनी सापडायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"माझ्या मते," दादा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना वर केल्या. दादा म्हणजे तिचे थोरले दीर. कारखाना त्यांच्या हातात. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून दादा प्लास्टरचे साचे काढायचे, धाकटीचा नवरा दातांचा रंग जुळवायचा आणि कवळ्या तयार होऊन ठरल्या तारखेला परत जायच्या. "माझ्या मते मुलाखत पुढच्या आठवड्यावर ढकल. तुझा घसा बसलेला वाटतोय."

"माझा घसा ठणठणीत आहे, दादा."

"मला बसलेला वाटतोय."

"मलाही जरासा," नवरा म्हणाला.

धाकटी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या नोकरीवरून या दोन भावांचं गेली तीन वर्षं पटत नव्हतं. दादांचं म्हणणं, घरात माणूस लागतं. नवऱ्याचं म्हणणं, तिचं शिक्षण वाया जातंय. आणि आज दोघे एका सुरात तिच्या घशाची काळजी करत होते.

"दाखवू दे की तिला," मोठी जाऊ म्हणाली.

आता मात्र धाकटीच्या डोक्याचा पार भुगा झाला. वहिनी तिच्या बाजूने? नोकरीचा विषय निघाला की वहिनी भांडी आवाज करत घासायच्या. अभिनंदन तर सोडाच, दुसरी फेरी पार पडली तेव्हा त्या नुसतं "हं" म्हणाल्या होत्या. कारखान्यात त्या कॉम्प्युटर सांभाळायच्या. आलेलं काम नोंदवायचं, चिठ्ठी छापायची, ती साच्याला चिकटवायची.

"तू गप्प बस," दादा म्हणाले.

"अडीच वर्षं गप्पच बसलेय," वहिनी म्हणाल्या आणि ताटं गोळा करायला लागल्या.

"कसली अडीच वर्षं?" धाकटीने विचारलं. ती उठली. "मी खाली जाऊन एकदा सगळं चालवून बघते. आई, किल्ली द्या."

सासूबाईंनी चष्म्याचं घर घट्ट धरलं. "किल्ली सापडत नाहीये गं सकाळपासून."

"सकाळी तर तुम्हीच दार उघडलंत."

"त्यानंतर सापडत नाहीये."

हे सासूबाईंना खोटं बोलायची सवय नसल्याचं लक्षण होतं. धाकटीला हसूही येईना आणि रागही येईना. सगळे मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतायत एवढं स्पष्ट होतं. पण नोकरी लागू नये म्हणून, की लागावी म्हणून, तेच समजत नव्हतं. ती ताटं घेऊन वहिनींच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"मला बोलायची बंदी आहे." वहिनींनी नळ मोठा सोडला. मग हात पुसून त्या सरळ बाहेर गेल्या, सासूबाईंच्या हातातलं चष्म्याचं घर उघडलं, किल्ली काढली आणि धाकटीच्या हातावर ठेवली. "बोलायची बंदी आहे. दाखवायची नाही."

"अगं!" सासूबाई म्हणाल्या, पण त्यात काही जोर नव्हता.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी. धाकटी लेकीच्या आजारपणापासून इथे क्वचितच यायची, आणि आली तरी बाहेरच्या खोलीतून जेवणाचा निरोप देऊन परत फिरायची. तिने कॉम्प्युटर सुरू केला. प्रोग्रॅम उघडला. तोच राखाडी चौकोन, तेच जाडजूड बटण. जुनी मैत्रीण भेटावी तसं तिला भरून आलं. तिने 'सोमवारी द्यायची कामं' वर टिचकी मारली. बेचाळीस कामं आली. वार सोमवार, महिना बरोबर, तारीख बरोबर. वर्ष अकरा वर्षांपूर्वीचं.

तिने डोळे चोळले. आधी वाटलं, कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं. घड्याळ बघितलं तर ते बरोबर होतं. मग वाटलं, आपण चुकून जुनी नोंद उघडली. मागे गेली, पुन्हा आली. सकाळीच वहिनींनी नोंदवलेलं काम, वरचा जबडा, चौदा दात, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेचं. तिने वर बघितलं. कॉम्प्युटरच्या मागे भिंतीवर एक पिवळं पडलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. तेही अकरा वर्षांपूर्वीचं. त्यावर कालपर्यंतच्या तारखा लाल पेनाने खोडलेल्या होत्या, आणि शाई अगदी ताजी होती.

घरातले सगळेजण वेडे झालेत की आपण, हे ठरवायच्या आत तिची नजर फळीवरच्या चिठ्ठ्यांवर गेली. प्रत्येक चिठ्ठीची उजवी कड कात्रीने कापलेली होती. तारीख होती, महिना होता. वर्ष जिथे छापलं जायचं तेवढाच तुकडा नव्हता.

मग तिने प्रोग्रॅमच्या पोटातली फाइल उघडली आणि खाली खाली जात राहिली. वर्षांची यादी तिने तेव्हा हाताने लिहिली होती. दहा वर्षं. दहाव्या वर्षाच्या पुढे तिच्याच शब्दांत टीप होती: 'पुढची नंतर घालू. मी आहेच.'

मागे पावलं वाजली. दारात सगळे उभे होते. पुढे कुणी यायचं यावरून त्यांच्यात ढकलाढकली चालली होती.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"हे तिसरं वर्ष," नवरा म्हणाला.

"यादी संपली तशी तो नवीन वर्ष घेईना," दादा पुढे आले. "मग मी एक युक्ती काढली. वार जुळणारं जुनं वर्ष शोधायचं. पहिल्या वेळी सहा वर्षांपूर्वीचं जुळलं. आता अकरा वर्षांपूर्वीचं जुळतंय. सोमवार सोमवारीच येतो. कुठे बिघडलं?" त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो त्यांना लपवता येत नव्हता.

"आणि मधलं वर्ष? ते लीप वर्ष होतं."

"फेब्रुवारीपर्यंत एक वर्ष, मार्चपासून दुसरं," वहिनी म्हणाल्या. "आणि एकोणतीस तारखेला सुट्टी."

धाकटीला ती सुट्टी आठवली. वीज गेली म्हणून कारखाना बंद, असं तिला सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर तर दिवे चालू होते. तेव्हाही ती गोंधळली होती आणि मग विसरून गेली होती.

"चिठ्ठ्या का कापल्या?"

दादांनी एक जबडा उचलून उगाच फुंकर मारली.

"सांगा की आता," वहिनी म्हणाल्या. "नाही सांगत? मी सांगते. चौकातले जुने डॉक्टर आठवतात? त्यांच्या एका पेशंटने कवळीबरोबर गेलेल्या साच्यावरची चिठ्ठी वाचली. त्याला वाटलं, अकरा वर्षांपूर्वी बनवून पडलेली, दुसऱ्या कुणाची तरी कवळी आपल्या तोंडात घालतायत. केवढा तमाशा झाला! डॉक्टरांनी काम बंद केलं. तेव्हापासून कापते मी. दिवसाला पन्नास-साठ."

"डॉक्टर निवृत्त झाले म्हणून सांगितलंत मला!"

"आपल्यापुरते झाले ते निवृत्त," दादा म्हणाले.

धाकटी खुर्चीत बसून राहिली. राग यायला हवा होता, तो येत होताच. पण नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. चूक तिची होती. लपवणं यांचं होतं. आणि त्रास वहिनींच्या हातांना झाला होता. "दहा मिनिटांचं काम होतं," ती म्हणाली. "मला एका शब्दाने का नाही सांगितलं?"

"कधी सांगायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तो जानेवारी आठव. कुठूनच उत्तर येत नव्हतं तुला. जिन्यात बसून रडत होतीस, मला काही म्हणजे काही येत नाही, म्हणून. त्यात खाली येऊन तुला म्हणायचं, तुझा प्रोग्रॅमही चुकला? माझी जीभ नाही रेटली. मीच सगळ्यांना शपथ घातली."

"मग नंतर?"

"नंतर जमून गेलं सगळं," नवरा म्हणाला. "सवय झाली."

"तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

साडेतीन वाजले होते. नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, आता ते उगाळत बसू नकोस. दहा मिनिटांचं काम आहे ना? कर. वर्षं घाल. त्यांना काय कळतंय?"

"बरोबर," दादा म्हणाले. "झाकून टाक."

मोह तिलाही झाला. खोटं कशाला सांगावं, झाला. तिने मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवली, यादीत तीन वर्षं घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. कुरकुर न करता सुरू झाला. नवरा टाळी वाजवणार एवढ्यात वहिनी किंचाळल्या, "सोमवारच्या कवळ्या कुठे गेल्या?"

पडदा रिकामा होता. खरं वर्ष यादीत आलं तसा प्रोग्रॅम आपणहून खऱ्या वर्षात गेला होता, आणि तिथे द्यायचं एकही काम नव्हतं. बेचाळीस माणसांचे दात अकरा वर्षं मागे राहिले होते.

"सगळ्या तारखा अकरा वर्षं पुढे सरकव की," दादा म्हणाले.

"मग अकरा वर्षांपूर्वीची खरी कामंही पुढे येतील! खरी कुठली आणि तुमच्या युक्तीची कुठली, ते मला कसं कळणार?"

"मला कळतं," वहिनी म्हणाल्या. "नंबरावरून. आणि फेब्रुवारीत मी चार-पाच दिवस चुकून दुसरंच वर्ष घातलं होतं, तेही वेगळं काढावं लागेल. वहीत लिहून ठेवलंय."

धाकटीने बाजूला ठेवलेली प्रत परत आणली. बेचाळीस कामं पुन्हा दिसायला लागली. आठ महिने शिकलेलं सगळं डोक्यात एकात एक मिसळलं होतं, आणि आपण मुलाखतीत काय बोलणार आहोत हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं. चारला पाच मिनिटं कमी असताना तिने सगळ्यांना बाहेर काढलं. वहिनी दाराशी पोचल्या तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही थांबा."

व्हिडिओ कॉलवर पलीकडे एकच बाई होती, पन्नाशीची, समोर पाण्याचा ग्लास. तिने इकडचंतिकडचं काही न विचारता प्रोग्रॅम दाखवायला सांगितलं. धाकटीने दाखवला. कामाची नोंद, चिठ्ठी, यादी. बाईने चष्मा वर केला. "ही तारीख..."

"चुकलेली आहे." धाकटीचा घसा खरंच बसला. "माझ्यामुळे. मी फॉर्मवर लिहिलंय की तेरा वर्षांत एकदाही बंद पडला नाही. ते खरं नाही. अडीच वर्षांपूर्वीच तो बंद पडायला हवा होता. घरच्यांनी पडू दिला नाही. मला हे तासाभरापूर्वी कळलं."

मग तिने सगळं सांगितलं. कॅलेंडर, कात्री, एकोणतीस फेब्रुवारी, जुने डॉक्टर. सांगताना क्रम चुकत होता, दोनदा ती आधीचं सांगायचं विसरून मागे गेली. बाईने मध्ये एकदाही अडवलं नाही, त्यामुळे तिला आणखीच काही सुचेना.

"दुरुस्त का नाही केलात?" शेवटी बाईने विचारलं. "वेळ होता."

"केला. आणि सोमवारची सगळी कामं नाहीशी झाली. म्हणून परत चुकीचा होता तसा ठेवला."

"आता काय करणार?"

"ते मला एकटीला नाही सांगता येणार. कुठली तारीख खरी आणि कुठली खोटी, हे फक्त यांना माहीत आहे." तिने वहिनींचा हात धरून त्यांना पडद्यासमोर ओढलं. वहिनींनी नमस्कार केला आणि वही छातीशी धरली.

"तुम्ही कापायच्या का चिठ्ठ्या?" बाईने विचारलं.

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि अंगठ्याच्या बुडाशी पडलेला घट्टा त्यांनी चटकन पदराखाली लपवला. "पण प्रोग्रॅम चांगला आहे हो. एवढं एक सोडलं तर."

बाई थोडी हसली, की ती नुसतंच पाणी प्यायली, हे धाकटीला कळलं नाही. "बरं. तुम्ही सोमवारी नऊ वाजता येऊन बसा. मग बघू." आणि पडदा काळा झाला.

दार उघडायच्या आधीच सगळे आत घुसले. काय म्हणाली? मिळाली का? धाकटीने शब्द न शब्द सांगितला, आणि त्यावरून नवीनच वाद सुरू झाला. 'येऊन बसा' म्हणजे मिळाली, असं नवऱ्याचं म्हणणं. 'मग बघू' म्हणजे नाही मिळाली, असं दादांचं. सासूबाईंनी विचारलं की बसायला बोलावतात ती कसली नोकरी. एवढ्यात फोन वाजला आणि कंपनीचं पत्र आलं. सहा महिन्यांसाठी नेमणूक, सोमवार, नऊ वाजता. धाकटीने ते तीनदा वाचलं, तरी तिचा विश्वास बसेना. मग लेकीकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि लेक नेमणुकीपर्यंत पोचली तशी ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले. ते काय म्हणत होते, हे कुणालाच आठवेना.

तेवढ्या आनंदातही वहिनी आपल्या जागी उभ्या होत्या. धाकटीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला पहिल्यांदाच नीट उमगलं की दुसऱ्या फेरीचं ऐकून या नुसतं 'हं' का म्हणाल्या होत्या. दुरुस्त करणारं घरात एकच माणूस होतं, आणि तेच निघालं होतं.

"वहिनी, सोमवारपर्यंत दीड दिवस आहे," ती म्हणाली. "वही उघडा."

शनिवारची संध्याकाळ आणि रविवारचा सगळा दिवस त्या दोघी आतल्या खोलीत बसल्या. एकीने नंबर वाचायचे, दुसरीने तारखा सरकवायच्या. भाऊ दारात येऊन डोकावायचे आणि हाकलले जायचे. चुका झाल्या, एकदा डिसेंबरच्या सगळ्या कवळ्या जानेवारीत गेल्या आणि दोघींनी एकमेकींना दोष दिला. रविवारी उन्हं उतरायच्या सुमाराला बेचाळीस कामं या सोमवारी, या वर्षात, जागच्या जागी उभी राहिली. वहिनींनी एक चिठ्ठी छापून बघितली, वर्षासकट, आणि ती चारही बाजूंनी बोटाने चाचपली.

"आता पुढची वर्षं घालायची," धाकटी म्हणाली आणि खुर्चीतून उठली. "तुम्ही बसा. तुम्हीच घाला. मी नसले तरी अडायला नको."

वहिनी बसल्या. तिने दाखवलं तिथे त्यांनी एका बोटाने पुढच्या वर्षाचे चार आकडे दाबले आणि हात मांडीवर घेतला.

"घाला की अजून. वीस घाला, तीस घाला. कितीही चालतात."

"नको. एकच."

"अहो वहिनी, एकच घातलंत तर दर डिसेंबरात हे पुन्हा करावं लागेल."

"हो," वहिनी म्हणाल्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या. "तेव्हा तू येशील ना खाली?"